अन्न, श्रम आणि सुई : भामरागडमधील शरीराच्या वजनाचा इतिहास

वजन उतरवणारे इंजेक्शन, सोबत व्यायाम आणि मोजका आहार, अशी तीन साधने आज शहरातले डॉक्टर एकाच चिठ्ठीवर लिहून देतात. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडच्या जंगलात या तिन्हींचा इतिहास वेगवेगळा आहे. तेथे आहार रानाने आणि ऋतूने ठरवला. श्रम जगण्यातच मिसळलेले होते, त्यामुळे व्यायामाची वेगळी वेळ काढावी लागली नाही. सुई आली ती १९७३ नंतर, मलेरियाने आणि जंतुसंसर्गाने जाणारे जीव वाचवायला. वजनाचा काटा त्याहून उशिरा आला, आणि त्यावर बसवले गेले ते वजन कमी भरणारे बाळ. भामरागडच्या अन्नाचा, कष्टाचा आणि औषधाचा हा क्रम समजून घेतला, तर आजच्या नव्या इंजेक्शनांकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये, हेही स्पष्ट होते.

प्रदेश आणि लोक

भामरागड हा महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेकडील तालुक्यांपैकी एक. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम भामरागड गावाला लागूनच होतो. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडमधला बस्तरचा मुलूख आणि अबूझमाडचे डोंगर आहेत. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी वाहते आणि गावाचा उरलेल्या जिल्ह्याशी संबंध तुटतो. इथल्या अन्नाच्या इतिहासात या पुराला मोठे स्थान आहे, कारण रस्ता बंद असलेल्या दिवसांत घरात जे साठवलेले असेल त्यावरच भागवावे लागे.

येथील मुख्य वस्ती माडिया गोंडांची. त्यांची माडिया बोली द्राविड भाषाकुळातली. कातकरी आणि कोलाम यांच्याबरोबर माडिया गोंडांची नोंद महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत होते. इंग्रजी अमदानीत हा भाग मध्य प्रांतातील चांदा जिल्ह्यात जमीनदारीखाली होता. १९५६ मध्ये विदर्भासह तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला तेव्हा त्या जिल्ह्यात गेला. नकाशावरच्या रेषा अशा बदलत राहिल्या, तरी गावातले खाणेपिणे जंगलाच्याच वेळापत्रकाने चालत राहिले.

जंगलाचे वर्ष

माडियांची जुनी शेती फिरती होती. डोंगरउतारावरच्या या शेतीला ‘पेंदा’ म्हणतात. उतारावरची झाडेझुडपे तोडून वाळू द्यायची, पावसाआधी पेटवून द्यायची आणि राखेत बी टाकायचे. दोन-तीन वर्षांनी जमिनीचा कस उतरला की ती जागा रानाला परत देऊन दुसरी निवडायची. नांगर आणि बैल नसले तरी हे पीक येई. त्यात कोसरीसारखी बारीक भरडधान्ये असत आणि नाचणी असे, जिला बस्तरकडे मंडिया म्हणतात. सखल भागात पाण्याच्या आधाराने धान होई. भरडधान्याची पातळ आंबील हे रोजचे अन्न होते. रात्री शिजवून ठेवलेली आंबील सकाळी पिऊन माणूस रानात जाई आणि दुपारपर्यंत त्यावर काम करी.

धान्य वर्षभर पुरत नसे. ताटातला मोठा भाग रानातून येई. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळू लागतात. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून किंवा जाळून जागा मोकळी केलेली असते. उजाडण्याच्या सुमारास बाया आणि मुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. ऊन चढण्याच्या आत रसरशीत, फिकट पिवळी फुले वेचून घ्यावी लागतात, कारण गुरे आणि रानटी जनावरेही त्यांवर टपलेली असतात. अंगणात पसरलेली फुले काही दिवसांत तपकिरी होऊन मनुकांसारखी सुकतात आणि पुढे कित्येक महिने टिकतात. मोहाला बाहेरचे लोक दारूचे झाड म्हणून ओळखतात. माडिया घरात मात्र सुकी फुले उकडून, भाजून, इतर धान्यात मिसळून खाल्ली जात. पावसाळ्यातल्या टंचाईत शरीराला लागणारी साखर त्यांतून मिळे. त्याच झाडाच्या बियांपासून, म्हणजे टोळांपासून, खायचे तेल निघे.

उन्हाळ्यात चार (चारोळीचे फळ), टेंभरे आणि आंबे मिळत. पावसाची पहिली सर आल्यावर बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, अळंबी आणि रानभाज्या निघत. ओढ्यात आणि धानाच्या बांधीत मासे, खेकडे, गोगलगाई मिळत. झाडावरच्या लाल मुंग्या आणि त्यांची अंडी वाटून आंबट, झणझणीत चटणी होई. गोरगा, म्हणजे भेरली माड, ताजा रस देई. धान्य संपत आले की कंद खणले जात. त्यांतले काही कडू आणि विषारी. त्यांच्या पातळ चकत्या कापून टोपलीत भरायच्या, ती टोपली वाहत्या ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवायची, पाण्याने कडवटपणा निघून गेला की चकत्या पुन्हा उकडायच्या आणि मगच तोंडात घालायच्या. ही रीत चुकली तर माणूस आजारी पडे. ती घराघरांत जपलेल्या ज्ञानावर टिकून होती.

या आहारात गोड होते पण कारखान्यातली साखर नव्हती. मांस आणि मासे होते पण रोज नव्हते. तेल मोजके होते आणि चोथा भरपूर होता. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर पांढऱ्या सडलेल्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपासच असते. या एका तुलनेवरून जुन्या ताटाची किंमत कळते. तरीही त्या काळाला सुबत्तेचे नाव देता येत नाही. आषाढ-श्रावणात कोठी रिकामी होई, पीक हाती येईपर्यंत लोक अर्धपोटी राहत आणि अशक्त मुले त्याच दिवसांत दगावत. वर्षातून एकदा अंग भरायचे आणि एकदा उतरायचे, ही त्या शरीराची सवय होती.

पंडुम

अन्नाच्या या चक्राला माडियांनी प्रथेची चौकट दिली होती. तिचे नाव पंडुम. नवे फळ किंवा नवे धान्य तयार झाले की गाव एकत्र येऊन देवाला ते अर्पण करते, आणि हा सण होईपर्यंत कोणी ते खात नाही. आंब्यांचा मरका पंडुम आणि पेरणीआधी बियाण्यांचा विज्जा पंडुम हे त्यांतले ठळक सण. गावाचा पुजारी दिवस ठरवतो, सगळे जमतात, ढोल वाजतो, रेला नाच होतो. बस्तर संस्थानात प्रशासक असलेल्या डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात इंद्रावतीपलीकडच्या माडियांच्या या प्रथांची सविस्तर नोंद केली आहे.

पंडुममुळे काय साधत असे, ते व्यवहाराच्या भाषेतही सांगता येते. आंबा पंडुमपूर्वी तोडायचा नाही, म्हणून कोय धरेपर्यंत फळ झाडावर राहते. बियाणे सर्वांसमोर देवाला दाखवायचे, म्हणून टंचाईतही ते खाऊन टाकले जात नाही. काय खायचे याबरोबर केव्हापासून खायचे हेही गावाने ठरवायचे, आणि ते सर्वांनी एकत्र पाळायचे. आजच्या आहारशास्त्रात संयम ही एकट्या माणसाची परीक्षा असते. पंडुममध्ये ती जबाबदारी अख्ख्या गावाची होती, म्हणूनच ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली.

श्रम

माडिया शरीराचा काटकपणा रोजच्या कामातून घडला. पेंद्यासाठी झाडे तोडणे, कुऱ्हाडीने फाटे सवळणे, खांद्यावर कावड घेऊन ओझे वाहणे, ओढ्यावरून पाणी आणणे, उखळात मुसळाने धान कांडणे, मोह आणि कंदांसाठी मैलोन्‌मैल फिरणे, ही कामे रोजची होती. आठवडी बाजारासाठी भल्या पहाटे निघून डोंगर आणि नाले ओलांडून जायचे आणि ओझे घेऊन परत यायचे. सामूहिक पारधीत पुरुष दिवसदिवस रानात असत. रात्री रेल्याचा फेर धरून तासन्‌तास नाचणे हाही शरीराचा मोठा व्यायामच होता, पण तो आनंदासाठी होता.

कामाचा हा भार बायांवर अधिक होता. गरोदरपणातही कांडण, पाणी आणि सरपण चुकत नसे. त्यातच खाणे अपुरे. त्यामुळे आईचे वजन वाढत नसे आणि बाळ लहान जन्मे. श्रम शरीराला घडवतात आणि झिजवतातही. त्यांतले काय घडेल हे सोबत मिळणाऱ्या अन्नावर ठरते. भामरागडच्या इतिहासातला हा धडा पुढे नव्या औषधांच्या बाबतीतही लागू पडतो.

मीठ, कायदा आणि बाजार

या चक्रात बाहेरून पहिला शिरकाव झाला तो मिठामुळे. जंगलात मीठ पिकत नाही. व्यापारी आठवडी बाजारात मीठ आणत आणि त्याच्या बदल्यात चारोळी, मध, डिंक घेऊन जात. शहरात महाग विकली जाणारी चारोळी इथे मिठाच्या बदल्यात जाई, आणि तराजू व्यापाऱ्याच्या हाती असे. भामरागडच्या माणसाला वजनाचा पहिला अनुभव आला तो या तराजूतून, आणि तो फसवणुकीचा होता.

दुसरा बदल जंगल कायद्यांनी झाला. १८६५, १८७८ आणि १९२७ च्या कायद्यांनी जंगलावरचे सरकारचे नियंत्रण वाढले. पेंदा शेती हा जंगलाचा नाश मानला गेला आणि तिच्यावर बंधने आली. १९१० मध्ये इंद्रावतीपलीकडे बस्तरात झालेल्या भूमकाल उठावामागे जंगल राखीव करण्याचे धोरण हे एक मोठे कारण होते. फिरती शेती आकसली तशी कोसरी आणि नाचणी मागे पडली आणि बांधीतला धान पुढे आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली. जंगल आणि प्राणी वाचवण्यासाठी ती आवश्यक होती, पण ताटातल्या मांसाची जागा भरून काढणारे दुसरे काही तेव्हा कोणी दिले नाही.

रोख पैसा आला तो तेंदूपानांतून. मे महिन्याच्या रखरखीत उन्हात अख्खे घर पाने तोडते आणि ७० पानांचा एक पुडा याप्रमाणे पुडे बांधून संकलन केंद्रावर नेते. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदू आणि बांबूची विक्री स्वतः करू लागल्या आणि व्यापाऱ्याचा तराजू काही प्रमाणात गावाच्या हाती आला. त्या पैशाबरोबर बाजारातले तेल, साखर, बिस्किटेही घरात आली.

पहिली सुई

१९७३ पूर्वी आजारावर उपाय म्हणजे पुजारी, झाडपाला आणि नवस. जवळच्या दवाखान्यापर्यंत जायला धड रस्ता नव्हता. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले होते. २३ डिसेंबर १९७३ रोजी त्यांनी भामरागडजवळच्या हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. नागपूरला शिकलेले डॉ. प्रकाश आमटे आणि भूलतज्ज्ञ डॉ. मंदाकिनी आमटे तेथे झोपडीत राहू लागले. वीज नव्हती, भाषा येत नव्हती आणि सुरुवातीला रुग्णही येत नव्हते. अंगभर कपडे घातलेला परका माणूस दिसला की लोक रानात पळून जात. डॉक्टर दांपत्य माडिया शिकले, प्रकाश आमटे अर्धी चड्डी आणि बनियन अशा पोशाखात वावरू लागले, आणि भाजलेले, अस्वलाने फाडलेले, तापाने फणफणलेले रुग्ण हळूहळू येऊ लागले. कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया झाल्या. १९७६ मध्ये आश्रमशाळा सुरू झाली. २००८ मध्ये या दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सुईची ओळख या काळात झाली. तेव्हा देशभर काचेच्या सिरिंजा असत. त्या आणि सुया पाण्यात उकळून निर्जंतुक करायच्या, थंड होऊ द्यायच्या, कुपीची मान कापून औषध ओढायचे आणि मग टोचायचे. मेंदूपर्यंत पोहोचलेल्या मलेरियात बेशुद्ध पडलेला माणूस क्विनीनच्या उपचाराने उठून बसतो, न्युमोनियाने धापा टाकणारे मूल प्रतिजैविकाने शांत झोपते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. सुईवरचा विश्वास अशा प्रत्यक्ष अनुभवातून तयार झाला. पण त्याच काळात हेही दिसून आले की ताप उतरलेला रुग्ण घरी जाऊन पुन्हा अर्धपोटी राहिला तर महिन्या-दोन महिन्यांत परत येतो. म्हणून दवाखान्याबरोबर शाळा, शेती आणि जेवणाचाही विचार करावा लागला. सुईचे काम तिच्या आधी आणि नंतर मिळणाऱ्या अन्नावर अवलंबून असते, हे हेमलकशात पहिल्या काही वर्षांतच कळले.

बाळाचा काटा

गडचिरोली जिल्ह्यात वजनाच्या काट्याला खरी प्रतिष्ठा मिळाली ती नवजात बाळांच्या कामातून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. संस्थेने १९९० च्या दशकात जिल्ह्यातील ३९ गावांत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा मागोवा घेतला. १९९५-९६ च्या पाहणीत ४२ टक्के बाळे अडीच किलोपेक्षा कमी वजनाची निघाली. बाळंतपण घरी होत होते आणि आजारी बाळाला रुग्णालयात न्यायला बहुतेक घरे तयार नव्हती. तेव्हा गावातल्याच बायांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवले गेले.

हे काम अगदी जवळून पाहण्यासारखे आहे. आरोग्यदूत बाई बाळंतिणीच्या घरी येते, हात साबणाने धुते, बाळाला कापडी झोळीत ठेवते आणि झोळी काट्याच्या हुकाला अडकवते. काटा तिच्या डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत ती तो उचलून धरते, झोळी हलायची थांबेपर्यंत वाट पाहते आणि मग आकडा वहीत लिहिते. बाळ थंड लागले तर ते गुंडाळून उबदार पिशवीत ठेवायचे, दूध ओढत नसेल तर आईला पाजायची रीत दाखवायची, श्वास मोजायचा. जंतुदोषाची ठरावीक लक्षणे दिसली आणि आईवडिलांनी संमती दिली, तर तीच बाई बाळाच्या मांडीत जेंटामायसिनचे इंजेक्शन देत असे आणि सोबत तोंडावाटे औषध. जेमतेम शिकलेल्या बायांनी नवजात बाळाला सुई द्यायची, हे तेव्हा धाडसाचे वाटले. निकाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला होता. जंतुदोष झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले होते. २०११ मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर लागू केली.

या यशात सुई एकटी नव्हती. ऊब, आईचे दूध, स्वच्छता, रोजची भेट आणि काट्यावरचा आकडा या सर्वांच्या जोडीने तिने काम केले. भामरागडसारख्या तालुक्यात अंगणवाडीतला काटाही याच विचाराने वापरला जातो. मुलाचे वजन दरमहा वाढीच्या तक्त्यावर मांडले जाते आणि रेघ खाली झुकली की बालविकास केंद्रात विशेष आहार सुरू होतो. २०१५ मध्ये राज्याने सुरू केलेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचे पूर्ण जेवण देण्याची तरतूद झाली. ज्या बाईने पिढ्यान्‌पिढ्या सर्वांना वाढून उरलेले खाल्ले, तिचे ताट पहिले वाढले जावे, हा या योजनेचा खरा अर्थ आहे.

रेशनचा तांदूळ

डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या अंत्योदय योजनेने आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरीब घरांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, तर प्राधान्य गटातील घरात माणशी ५ किलो धान्य मिळते. भामरागडसारख्या भागात पूर येण्याआधी पावसाळ्याचे धान्य गावागावांत पोहोचवले जाते. आषाढ-श्रावणातली जुनी उपासमार या धान्याने कमी केली, आणि हे मोठे काम आहे.

पण पोट भरणे आणि पोषण होणे यांत अंतर असते. गिरणीत सडलेल्या पांढऱ्या तांदळाने कोसरी आणि नाचणीची जागा घेतली. कांडण संपले, तसा कांडणाचा श्रम आणि हातसडीच्या तांदळातला कोंडा दोन्ही गेले. किराणा दुकानातली साखर, तेल आणि पाकिटातले खाऊ रानमेव्याच्या जागी आले. मोटारसायकल आणि डांबरी रस्त्याने माणसाला वेळेवर दवाखान्यात पोहोचवले, पण रोजची चालही कमी केली. यातली प्रत्येक सोय हवीशीच आहे. मात्र त्या सगळ्या एका पिढीत आल्या, आणि अन्नाची जुनी रीत तितक्या वेगाने बदलत्या जीवनाशी जुळवून घेऊ शकली नाही.

या बदलाचा धोका काय, हे पुण्यातल्या संशोधनाने दाखवले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळे सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. भारतीय बाळांचे स्नायू आणि अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३ होता, पण शरीरातील चरबी एकाची २१.२ टक्के आणि दुसऱ्याची ९.१ टक्के. अधिक चरबी भारतीयाची होती. दिसायला बारीक, आत चरबीचा, असा हा शरीराचा नमुना आहे. पोटात असताना उपाशी राहिलेल्या बाळाला पुढे भरपूर अन्न आणि कमी श्रम मिळाले, तर त्याला मधुमेहाचा धोका वाढतो.

ज्या जिल्ह्यात तीस वर्षांपूर्वी शंभरातील ४२ बाळे कमी वजनाची जन्मली, तेथे हे संशोधन फार महत्त्वाचे ठरते. ती बाळे आज तिशीत आहेत. देशपातळीवर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८.७ टक्के स्त्रिया कृश आणि २४ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या आढळल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासाने देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असल्याचे सांगितले. कुपोषण आणि स्थूलता एकाच देशात, कधी एकाच घरात नांदत आहेत.

दुसरी सुई

वजन उतरवणारी इंजेक्शने या टप्प्यावर भारतात आली. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ते इन्सुलिन वाढवते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला देते. शरीरात ते काही मिनिटेच टिकते. अमेरिकेतील गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत डॉ. जॉन इंग यांना त्याच्यासारखा पण जास्त टिकणारा पदार्थ सापडला. त्यावरून बनलेले एक्झेनाटाइड २००५ मध्ये मधुमेहासाठी मान्य झाले. पुढे लिराग्लुटाइड आले, आणि मग आठवड्यातून एकदाच घ्यायचे सेमाग्लुटाइड. वजनासाठी ते अमेरिकेत २०२१ मध्ये मान्य झाले. भारतात याच धर्तीचे टिर्झेपाटाइड ‘मोंजारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये आणि सेमाग्लुटाइड ‘वेगोव्ही’ या नावाने जून २०२५ मध्ये विक्रीस आले.

औषध घेणाऱ्यांचे अनुभव बऱ्याच अंशी सारखे असतात. कमी मात्रेने सुरुवात होते आणि दर महिन्याला ती वाढवली जाते. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते, दिवसभर डोक्यात घोळणारा खाण्याचा विचार थांबतो. मळमळ, बद्धकोष्ठता, कधी उलटी हे त्रास मात्रा वाढताना अधिक होतात. थोडे थोडे, सावकाश खाणे, तळलेले टाळणे, पाणी आणि चोथा वाढवणे याने अनेकांना आराम पडतो. गरोदरपणात हे औषध घेत नाहीत, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते कोणीच घेऊ नये.

आकडे मोठे आहेत. २०२१ च्या एका चाचणीत १,९६१ लोकांनी भाग घेतला. ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी आणि औषधविरहित सुई घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी उतरले. मात्र दोन्ही गटांना कमी उष्मांकांचा आहार आणि आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम सांगितला होता. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूंचाही मोठा वाटा असतो. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील चाचणीत १९५ लोकांनी आधी आहाराने वजन उतरवले. नंतर वर्षभर लिराग्लुटाइड आणि व्यायाम दोन्ही चालू ठेवणाऱ्यांनी ते सर्वांत चांगले राखले. औषध बंद झाल्यावरही व्यायाम केलेल्यांचे वजन कमी प्रमाणात परत आले. म्हणून या सुईसोबत डाळी, अंडी, मासे यांतून पुरेशी प्रथिने आणि स्नायूंना जोर देणारा व्यायाम सांगितला जातो.

बारीक दिसणाऱ्या पण आत चरबी असणाऱ्या भारतीय शरीराला ही गोष्ट अधिकच लागू आहे. ज्याचे स्नायू जन्मापासूनच कमी, त्याने सुईने वजन उतरवताना स्नायूही गमावले, तर काट्यावरचा आकडा चांगला दिसेल आणि शरीर मात्र दुबळे होईल. अशा शरीराला आकड्याइतकीच ताकदही मोजावी लागते.

भामरागडपुरता निष्कर्ष

भामरागडमध्ये आजही पहिला प्रश्न कमी वजनाचाच आहे. गरोदर बाईचे पूर्ण ताट, बाळाचा दरमहाचा काटा, मलेरियाचे वेळेवर निदान आणि पुरातही पोहोचणारे औषध ही तेथील निकड आहे. पुढच्या पिढीला मधुमेहापासून वाचवण्याचे कामही तेथूनच सुरू होते, कारण आईच्या पोटात नीट वाढलेल्या बाळाला ती जोखीम कमी असते. कोसरी आणि नाचणी पुन्हा शेतात आणि अंगणवाडीच्या जेवणात येणे, मोह, वास्ते आणि रानभाज्यांवरचा ग्रामसभेचा हक्क टिकणे, गोरगरिबांच्या रेशनमध्ये भरडधान्य मिळणे, हे उपाय त्या भूमीतलेच आहेत आणि तेथील लोकांना ते परके नाहीत.

ज्यांना खरोखर गरज आहे अशा स्थूल आणि मधुमेही रुग्णांसाठी नवी सुई मोलाची आहे. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती, त्यामुळे स्वस्त पर्यायांतून ही सुई हळूहळू लहान गावांपर्यंतही पोहोचेल. तेव्हा गडचिरोली जिल्ह्याचा अनुभव उपयोगी पडेल. क्विनीनची सुई असो किंवा आरोग्यदूत बाईच्या हातातली जेंटामायसिनची, तिचा गुण टिकला तो अन्न, काळजी आणि नियमित भेटीच्या आधाराने. वजन उतरवणाऱ्या सुईलाही हाच नियम लागू आहे. सुई भूक कमी करते. त्या कमी झालेल्या भुकेच्या ताटात काय वाढायचे आणि स्नायू कशाने राखायचे, हे घराला आणि गावालाच ठरवावे लागते.